इमारतीची पाठ रंगवताना

सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं की समोरचं चित्र बहुतेक ठिकाणी नीटनेटकं असतं. नावाची पाटी, चार कुंड्या, काही वर्षांपूर्वी मारलेला पण अजून बरा दिसणारा रंग. तिथून वळसा घालून मागे जा. पंपाची खोली, मीटरच्या खोलीचं गंजलेलं दार, सांडपाण्याच्या पाइपांची रांग, एसीच्या पाण्याने हिरवी पडलेली भिंत, जिन्याची बाहेरची बाजू, दोन इमारतींच्या मधली घरगल्ली. गच्चीवर गेलात तर लिफ्टची खोली आणि टाकी. रंगाचं बजेट संपतं ते नेमकं इथे पोचायच्या आधी.

पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसते ती हीच बाजू. सफाई कामगार सकाळी पहिला नळ उघडतात तो इथलाच. मुलं क्रिकेट खेळायला येतात तीही इथेच, कारण पुढे गाड्या असतात. म्हणून इमारतीवर काही चित्र, नक्षी, मोझॅक करायचं मनात असेल तर सुरुवात मागून करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दर्शनी भिंतीवरच्या भव्य चित्राला पैसा, परवानग्या आणि उंच परांची लागते. मागची भिंत लहान असते, बऱ्याचदा सावलीत असते, आणि तिच्यावर केलेलं काम रोज त्याच माणसांच्या डोळ्यांसमोर राहतं.

इमारतीच्या बाहेरच्या अंगावर कला असणं आपल्या शहरांना नवं नाही. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 मध्ये उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रवेशदारांवर शेतकऱ्यांची, धान्याची शिल्पं कोरली गेली. ती जॉन लॉकवूड किपलिंग यांची, जे तेव्हा जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर 1930 च्या दशकात एन. जी. पानसरे यांनी कष्टकऱ्यांच्या उंच आकृती घडवल्या. पुढे आरसीसीच्या सरसकट चौकोनी इमारती आल्या आणि हा रिवाज सुटला. शेजारी दुसरी इमारत येईल म्हणून खिडकीविना सोडलेल्या कोऱ्या भिंती मात्र मागे राहिल्या. चित्रकारांची नजर गेली ती असल्याच भिंतींवर. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 मध्ये रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांना उभं केलं. मुंबईच्या तुळशीपाइप रस्त्यालगतची लांबच लांब रेल्वेची भिंत 2009 मध्ये शेकडो हौशी हातांनी रंगली. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी घरांच्या साध्या भिंती आज बघायला लोक मुद्दाम जातात. ही मोठी कामं बघून उत्साह जरूर घ्या, मोजमाप मात्र आपल्या भिंतीचं ठेवा.

जागा ठरवण्याआधी इमारतीभोवती एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला फेरी मारा. ऊन कुठे किती वेळ पडतं, पाणी कुठून ओघळतं, कुठे दुचाकी भिंतीला टेकवतात, कुठे कचऱ्याचे डबे ठेवतात, हे वहीत उतरवा. मग वॉचमनला आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारा. कुठली भिंत सगळ्यात आधी खराब होते, पान खाऊन कुठे थुंकतात, पावसाळ्यात कुठे पाणी तुंबतं, हे त्यांना कमिटीपेक्षा जास्त ठाऊक असतं. पश्चिमेची भिंत दुपारनंतरचं ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस दोन्ही सोसते. तिथला भडक लाल आणि पिवळा लवकर उडतो. उत्तरेकडची भिंत रंग टिकवते, पण ओल धरते आणि शेवाळते. पहिल्या कामाला मी नेहमी पंपाची खोली सुचवते. चार लहान भिंती, हाताच्या उंचीतलं काम, परांचीची गरज नाही, आणि काम मनासारखं झालं नाही तर एका दिवसात पुन्हा पांढरी करता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम: भिंतीची तब्येत.

आजारी भिंतीवर काढलेलं चित्र पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतं. त्याचा दोष रंगाला किंवा चित्रकाराला दिला जातो, खरं कारण आतली ओल असते. तपासणी घरच्या घरी होते. साधारण फूटभर औरसचौरस जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीवर लावा आणि एक दिवस, एक रात्र तसंच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले किंवा भिंत तेवढ्या भागात गडद झालेली असली, तर पाणी भिंतीतून बाहेर येतंय. आधी ते कुठून येतं ते शोधा. बहुतेक वेळा वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती, सांडपाण्याच्या पाइपाचा निसटलेला सांधा किंवा सज्ज्यावर साचणारं पाणी यांपैकी काहीतरी असतं. प्लंबरचं काम झाल्याशिवाय पेंटरला बोलावू नका. भिंतीवर पांढरी पूड फुटलेली असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर ती पाण्याने धुवायची नाही. पाण्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, ओल थांबवा, भिंत पूर्ण सुकू द्या, परत पूड येत नाही ना ते बघा, मगच पुढे जा.

दुसरी तपासणी कानाने करायची. लाकडी मोगरीने किंवा नुसत्या बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथे गिलावा पक्का आहे. पोकळ, डब्यासारखा आवाज आला तर गिलाव्याने वीट सोडली आहे. तेवढा भाग खडूने आखून काढा आणि तिथपर्यंत फोडून नवा गिलावा करा. नव्या गिलाव्याला निदान 28 दिवस द्या. त्याआधी सिमेंटमधला अल्कलीचा अंश रंग जाळतो, विशेषतः निळे आणि जांभळे.

भेगांच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको. केसासारख्या बारीक भेगा भरून काढता येतात. पण खांबावर किंवा तुळईवर उभी भेग असेल, काँक्रीट फुगून आतली गंजकी सळई दिसत असेल, तर त्यावर लांबी आणि चित्र चढवणं म्हणजे धोका झाकणं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते राहिलं असेल तर चित्राचा विषय सभेत आणण्याआधी ऑडिटचा आणा. खरं सांगायचं तर चित्राच्या निमित्ताने एखाद्या सोसायटीचं रखडलेलं ऑडिट झालं, तरी माझ्या दृष्टीने ते चित्राइतकंच मोलाचं आहे.

आणखी एक इशारा दगडाबद्दल. काळा बेसाल्ट किंवा पिवळसर मालाड स्टोन असलेली भिंत रंगवू नका. दगड आणि चुन्याचे सांधे हवा घेतात, आत गेलेलं पाणी त्यातूनच बाहेर पडतं. वर प्लास्टिकसारखा थर बसला की पाणी कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या चुन्याच्या गिलाव्यालाही हाच नियम. तिथे चुन्यात मिसळलेले गेरू, पिवडीसारखे मातीचे रंगच वापरा. इमारत वारसा यादीत असेल तर बाहेरून काहीही करण्याआधी महापालिकेच्या वारसा समितीकडे जावं लागतं.

भिंत निरोगी झाली की पुढचं काम नेहमीच्या पेंटरच्या हातचं आहे. घासकागद, धूळ झाडणं, गरज असेल तिथेच बाहेरची लांबी, मग बाहेरच्या भिंतींचा प्रायमर, त्यावर अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. साधारण हिशेबाला लिटरमागे 50 चौरस फूट धरा, दोन हातांसह. म्हणजे 10 फूट उंच आणि 20 फूट लांब भिंतीला जमिनीच्या रंगाचे 4 लिटर. चित्रासाठी वेगळे छोटे डबे लागतील. आतल्या भिंतींचा स्वस्त डिस्टेंपर बाहेर कुणी कितीही पटवलं तरी वापरू नका, एका पावसात वाहून जातो. तळाशी जमिनीपासून दीड-दोन फूट गडद गेरूचा किंवा काळपट राखाडी साधा पट्टा सोडा. पावसाच्या शिंतोड्यांचा चिखल तिथेच उडतो. चित्र त्या पट्ट्याच्या वर सुरू झालं की वर्षानुवर्षं स्वच्छ दिसतं. मुंबई, ठाणे, कोकणात कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती वाळलेल्या असतात आणि रंग उन्हात इतका झटकन सुकत नाही की ब्रशचे फटकारे उमटावेत. मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून काम काढू नका. जूनचा पहिला पाऊस नव्या रंगावर पडतो.

आणि परांची. उंच भिंतीच्या खर्चात तिचा वाटा बऱ्याचदा सगळ्यात मोठा असतो. इमारतीला बाहेरून रंग देण्याचं ठरलं असेल तर त्याच परांचीवर चित्राचं काम उरकून घ्या. ठेकेदाराच्या करारात आधीच एक ओळ घाला, की अमुक भिंतीवरची परांची रंगकाम संपल्यावर आणखी इतके दिवस ठेवायची. नंतर सांगितलंत तर तो तिचं वेगळं भाडं लावतो.

चित्र काय काढायचं यावर सोसायटीत सगळ्यात जास्त चर्चा होते, आणि ती बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होते. मोबाइलवर कुठलं तरी सुंदर चित्र दाखवून हे आपल्याकडे करू या, असं कुणीतरी म्हणतं. पण ते चित्र दुसऱ्या भिंतीसाठी झालेलं असतं. आपल्या भिंतीवर काय आहे ते आधी मोजा. चार पाइप, एक झरोका, केबलचा गुंडाळा, मध्येच एसीचा स्टँड. हे लपवायचं नाही, यांच्यावरच चित्र बांधायचं.

एक उदाहरण जवळून बघू. तीन मजली इमारतीच्या मागच्या भिंतीवर चार उभे पाइप आहेत, दोन सिमेंटचे, दोन राखाडी पीव्हीसीचे. प्रत्येकाला ठरावीक उंचीवर पकडी आहेत. चित्रकाराने पाइपांना भिंतीपेक्षा एक छटा गडद हिरवा दिला आणि प्रत्येक पकडीच्या जागी बांबूचं पेर काढलं. पाइपाच्या मागच्या भिंतीवर पानांचे लांबट फटकारे, तेही फक्त दोन हिरव्या छटांमध्ये. झरोक्याच्या जाळीभोवती सुगरणीचं घरटं आलं, जाळी मात्र मोकळीच. एसीचं पाणी जिथून ओघळून डाग पडायचा, तिथे आधी पाण्याची नळी जोडून घेतली आणि मग त्या पट्ट्यात सर्वात गडद पानं काढली, पुन्हा डाग पडला तरी दिसू नये म्हणून. भिंतीचा वरचा निम्मा भाग कोरा सोडला. स्वयंपाकघरातून खाली बघणाऱ्याला बेट दिसतं, गल्लीतून वर बघणाऱ्याला मोकळं आकाश मिळतं. या कामात एकही अवघड आकृती नाही. सगळं कसब बघण्यात आणि थांबण्यात आहे.

रंग कमी ठेवा. चार-पाच छटा पुरतात. लोखंडाच्या ऑक्साइडपासून होणारे गेरू, पिवडी, तपकिरी हे रंग उन्हाला टिकतात, आणि आपल्या मातीच्या, झाडांच्या शेजारी शोभतात. चकचकीत वार्निशचा थर घालायचा मोह टाळा. तो कालांतराने पिवळा पडतो, आणि भिंतीला श्वास घेता येत नाही. अगदीच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा, चमक नसलेला पारदर्शक लेप घ्या.

वारली शैली सगळ्यांना आवडते, आणि म्हणूनच तिची नक्कल शहरभर झाली आहे. त्रिकोणी माणसं गोल फेर धरून नाचताना दाखवली की वारली झाली, असं नाही. लग्नात भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाणारा चौक सवाशिणी लिहितात, त्याला विधीचं स्थान आहे. जिव्या सोमा मशे यांनी या कलेला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगात नेलं, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तुम्हाला वारली हवी असेल तर डहाणू, जव्हार, तलासरीकडच्या वारली चित्रकारांना बोलवा, त्यांना त्यांची गोष्ट मांडू द्या आणि पूर्ण मानधन द्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, तिचे लांब डोळे आणि ठसठशीत रेषा भिंतीवर फार देखण्या उतरतात. तिथेही हेच.

देवांच्या टाइल्सबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कुणी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स लावायची पद्धत आहे. ज्या कोपऱ्यात लोक थुंकतात तिथे देवाला पहाऱ्याला बसवणं मला पटत नाही. शिवाय थुंकणारे थांबत नाहीत, बाजूला सरकतात. त्या कोपऱ्यात एक दिवा लावा, खालचे तीन फूट धुता येतील अशा चायना मोझॅकचे करा आणि कोपरा रोज धुवा. उजेड आणि ओला फडका यांनी जास्त फरक पडतो. थोर नेत्यांची चित्रंही पाणी ओघळणाऱ्या, डबे ठेवायच्या भिंतीवर काढू नका. चेहऱ्यावर शेवाळ चढलं की ते कुणाला बघवत नाही आणि पुसायलाही कुणी धजत नाही.

मोझॅकचं नाव निघालंच आहे तर सांगते, पावसाळी भिंतीसाठी रंगापेक्षा टाइल चांगली. गोव्याच्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो टाइल्सनी पावसाळे झेलले ते भाजून पक्क्या झालेल्या रंगामुळे. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक लावणारे कारागीर अजून आहेत. इमारतीत कुणाच्या ना कुणाच्या घरात नूतनीकरण चालूच असतं. तिथल्या फुटक्या टाइल्स गोळा करा आणि टाकीचा तळ, पंपाच्या खोलीचा कट्टा, पाण्याच्या मीटरभोवतीचा चौथरा यांना मोझॅक करा. धारदार तुकड्यांच्या कडा मात्र घासून घ्यायला सांगा, मुलं तिथे बसणार आहेत. वेली चढवायच्या असतील तर भिंतीला न चिकटणारी, जाळीवर चढणारी वेल निवडा. भेगेत उगवलेला पिंपळ-वडाचा कोंब दिसला की मुळासकट काढा.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. गॅसची पिवळी पाइप पिवळीच राहू द्या. अग्निशमन दलाच्या लाल जोडण्या, त्यांच्याकडे जाणारी वाट, वीज मीटरच्या खोलीवरची धोक्याची पाटी, इमारतीचा आणि मजल्यांचा क्रमांक, हवेचे झरोके, बंद-चालूचे व्हॉल्व्ह. आग लागली की जवान रंगावरून ओळखतात. धुरात त्यांना सुंदर चित्रातली लाल जोडणी शोधत बसावं लागता कामा नये.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी नंतरची भांडणं तोच वाचवतो. जागा, ढोबळ आराखडा आणि खर्च सर्वसाधारण सभेत मांडून ठराव करून घ्या. खर्च सिंकिंग फंडातून करू नका. तो मोठ्या बांधकामासाठी राखलेला असतो. चित्राला वेगळी वर्गणी काढा, ऐच्छिक. भिंत तुमची पण तोंड शेजारच्या आवारात असेल तर त्यांची लेखी संमती घ्या, कारण परांची त्यांच्या जागेत उभी राहणार. महापालिकेच्या, रेल्वेच्या किंवा कुठल्याही दुसऱ्याच्या भिंतीवर परवानगीशिवाय रंग लावलात तर महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. कुणी फुकट रंग देऊन कोपऱ्यात आपलं बोधचिन्ह मागितलं, तर ते चित्र जाहिरातीत मोडू शकतं आणि पालिकेच्या परवान्याचा प्रश्न येतो. माझा सल्ला, रंग विकत घ्या.

चित्रकाराशी दोन पानांचा साधा करार करा. किती चौरस फूट, कुठल्या कंपनीचा कुठला रंग, हप्ते कसे, विमा कुणाचा, कोपऱ्यात सही किती मोठी, आणि पुढे भिंत दुरुस्तीला काढावी लागली तर काय. शेवटचं कलम विसरू नका. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून ठेवलं गेलं आणि त्याची नासधूस झाली. ते न्यायालयात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कलाकृती विकत घेतली तरी कलाकाराचे काही हक्क तिच्यासोबत राहतात. म्हणून काढायची वेळ आली तर आधी कळवू, फोटो काढून ठेवायला मुदत देऊ, असं करारात लिहा.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी भिंतीवर सूत मारून चौकटी आखून घ्या. दोरीला गेरू लावून दोघांनी टोकं ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची, की लांबलचक सरळ रेघ उमटते. मुलांना हे काम फार आवडतं, ते त्यांनाच द्या. कागदावरच्या चित्रावर तेवढ्याच चौकटी आखल्या की एकेक चौकट मोठी करत जाता येते. मुलांचं रंगकाम त्यांच्या हाताच्या उंचीपर्यंतच. स्टूलवर, शिडीवर कुणालाही चढू देऊ नका. सहा फुटांवरचं काम चित्रकाराचं आणि त्याच्या मदतनिसाचं, कमरेला पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट घालून.

काम झालं की प्रत्येक रंगाचा उरलेला भाग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यावर कंपनी, शेड क्रमांक, तारीख आणि तो रंग कुठे वापरला ते लिहा आणि डबे मीटरच्या खोलीत नव्हे, सावलीतल्या कपाटात ठेवा. करार, ठराव, भिंतीचे आधीचे फोटो आणि शेड क्रमांकांची यादी सोसायटीच्या फाइलमध्ये लावा, म्हणजे पुढच्या कमिटीच्या हाती पडेल. दसऱ्याच्या सुमाराला भिंत कोरडी झाली की मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, पुन्हा ठोकून बघा, आणि पोपडा सुटला असेल तेवढाच भाग घासून, प्रायमर देऊन भरा. गळती परत आली असेल तर तेवढं चित्र निःसंकोच फोडा, पाइप दुरुस्त करा, 28 दिवस थांबा, आणि जुन्या शेड क्रमांकांनी तेवढा तुकडा पुन्हा रंगवा.